हनुवटीवाला

आमच्या शिरूरच्या मिशन कंपाउंडात अगदी शेवटचं घर इसहाक उजागरेचं. घर कसलं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. त्या पडवीतून दिवसभर छिन्नीची ठकठक यायची. मी ग्लॅडिस, कंपाउंडातल्या शाळेत मास्तरीण. दिवसभर पोरांचा गलका ऐकून घरी यावं, चहा ठेवावा, तर ही ठकठक सुरूच. मी वैतागायचे, खोटं कशाला बोलू. पण एखाद्या दिवशी आवाज आला नाही की जीव खालीवर व्हायचा, आणि काहीतरी निमित्त काढून मी तिकडं डोकावून यायचे.

इसहाकदादा दगडाचं काम करायचा. जाती, पाटे, वरवंटे, आणि कबरींचे दगड. शिरूरच्या दफनभूमीत त्याच्या हातचे दगड होतेच, पण दौंडच्या रेल्वे कॉलनीतली ख्रिस्ती माणसंही त्यालाच बोलवायची. कुणी गेलं की दौंडहून निरोप यायचा आणि हा हत्यारांची पिशवी काखेत मारून एस्टीनं निघायचा. अक्षर सुरेख काढायचा. नाव, साल, फार तर एक साधा क्रूस, बस. एकदा तिथल्या एका गार्डाच्या बायकोनं दगडावर देवदूत मागितला. तिची लेक गेली होती हो. तर हा म्हणाला, चेहरा मी करत न्हाई, आणि सरळ उठून एस्टी स्टँडवर जाऊन बसला. लोक म्हणाले, भारीच शिष्ट दिसतो. मीही तसंच म्हटलं होतं.

त्याचं सगळं बोलणं बायकोशी. प्रेमाबाई तिचं नाव. मूलबाळ नव्हतं. ती मात्र सगळ्या कंपाउंडाशी बोलायची, स्वतःच्या वाटचं आणि नवऱ्याच्या वाटचंसुद्धा. हसायला लागली की चर्चच्या मागच्या बाकावरून तिचा आवाज पाळकसाहेबांपर्यंत जायचा. छप्पन सालच्या थंडीत तिला ताप भरला आणि आठवडाभरात ती गेली. कंपाउंड सुनं झालं म्हणतात तसं झालं, पण आम्हाला आपापली माणसं होती. इसहाकदादाला कुणीच नव्हतं. जेवायला बसताना तो दोन ताटल्या काढायचा आणि मग एक परत ठेवायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पीठ गिरणीतून दळून यायचं, तरी तिच्या जात्याला दर वर्षी टाकी लावून खरबरीत करायचा, दळायला कुणी नाही तरी. मला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला रागच येतो. मी त्याला म्हटलं, दादा, कशाला त्या जात्याच्या मागं लागलायस? तो जात्यावरची कच फुंकत राहिला.

आणि मग त्यानं चेहरा करायला घेतला.

प्रेमाबाईच्या कबरीवर अजून दगड बसायचा होता. सगळ्या गावाच्या कबरींना दगड देणाऱ्याच्या बायकोची कबर तशीच, मातीचा उंचवटा. मी विचारलं तेव्हा कळलं, त्याला दगडात तिचा चेहरा काढायचाय. फोटो नव्हता. एकुलता एक फोटो लग्नातला, तो इसहाकदादानं दुसऱ्या महायुद्धात लढाईवर जाताना खिशात घालून नेला होता, तिकडंच गेला. पाळकसाहेब दानिएलराव हळूच म्हणाले, इसहाक, कबरीवर मूर्ती आपल्यात बसत नाही, नाव लिही की. इसहाकदादा म्हणाला, "नाव मला पाठ हाय साहेब. तोंड इसरायला लागलोय."

पाळकसाहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

पहिला चेहरा झाला तेव्हा मी पाहायला गेले. काळ्या दगडाचं डोकं, खऱ्या माणसाच्या दुप्पट मोठं. मी म्हटलं, दादा, हे कोण? कारण ती प्रेमाबाई नव्हती. कपाळ बरं होतं, पण खाली अशी हनुवटी, बाई गं, पुढं आलेली, वर उचललेली, साऱ्या जगाला खाली बघायला सांगणारी. प्रेमाबाईची हनुवटी गोल, मऊ, हसली की आत जाणारी. इसहाकदादा दगडाकडं बघत बसला होता. म्हणाला, "आला परत. हनुवटीवाला."

त्या दिवशी मला सगळं कळलं. एवढं बोलताना मी त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं.

तर झालं होतं असं. लढाईत तो खडकीच्या सॅपर पलटणीत, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या पलटणीत, भरती झाला. लिबियाच्या वाळवंटात त्यांची तुकडी पकडली गेली. पकडणाऱ्यांनी सगळ्यांना खिसे उलटे करायला लावले. बिडीकाडी, कंगवे, पत्रं, सगळ्याचा वाळूत ढीग झाला, आणि त्या ढिगात प्रेमाबाईचा फोटो गेला. तिथून जहाजात घालून इटलीला नेलं. तिथल्या छावणीत कुणीतरी विचारलं, दगडाचं काम कुणाला येतं? ह्यानं हात वर केला. बसून बसून वेड लागायची पाळी आली होती, म्हणून केला.

जवळच पांढऱ्या दगडाची खाण होती आणि खाणीशेजारी कारखाना. त्या देशाचा तेव्हाचा पुढारी, त्याचं नाव इसहाकदादा कधी घेत नसे, हनुवटीवाला म्हणायचा. तर त्या हनुवटीवाल्याची डोकी तिथं तयार व्हायची. शाळेपुढं एक, स्टेशनपुढं एक, पोस्टावर एक, पोरांच्या खेळाच्या मैदानावर एक. काही टरबुजाएवढी, काही आमच्या चर्चच्या दाराएवढी. प्लॅस्टरचा नमुना मध्ये ठेवलेला, त्यावरून मापं घ्यायची. एकानं कपाळ, एकानं कान, एकानं नाक. पूर्ण डोकं कुणालाच करू देत नसत. इसहाकदादाच्या वाट्याला हनुवटी आली. दोन वर्षं तो हनुवटी करत होता. दर महिन्याला कुणी साहेब बूट वाजवत यायचा आणि म्हणायचा, अजून पुढं पाहिजे. आता दगडाचं असं आहे की काढता येतं, घालता येत नाही. म्हणून तिथला म्हातारा मिस्त्री शिकवायचा, हनुवटीपाशी आलास की हात आखडता घे, दगड जास्तीचा राखून ठेव. साहेबानं पुढं म्हटलं तर पुढं द्यायला पाहिजे ना. इसहाकदादाचा हात दोन वर्षं त्या जागी आखडायला शिकला.

एकदा डोकं बसवायला म्हणून ह्यांना गावात नेलं. नवी इमारत, पांढरीफेक, कमानीच कमानी, खांबच खांब. मी विचारलं, सुंदर होती का रे? तो म्हणाला, दगडाचं काम चोख होतं, खोट काढायला जागा नव्हती. पण दार एवढं मोठं की आत जाणारी बाई मुंगीएवढी दिसावी. आणि ती तशी दिसावी म्हणूनच ते दार तेवढं केलेलं. पुढच्या मोकळ्या फरशीवर बसायला एक कट्टा नाही, सावलीला एक झाड नाही. नुसतं उभं राहायचं आणि वर बघायचं. आपल्याकडं देवळाच्या पायरीवर कुणी पण बसतं की, म्हणाला, तिथं कुणाला बसायची सोयच ठेवली नव्हती. ग्लॅडिसबाई, मला त्या फरशीवर जेवढं एकटं वाटलं तेवढं वाळवंटात वाटलं न्हाई.

मग एके दिवशी हनुवटीवाल्याचं राज्य कोसळलं. गावकऱ्यांनी दोर लावून डोकी पाडली, घण घातले. नाकं तुटली, कान तुटले. हनुवट्या मात्र शाबूत पडून राहिल्या, जास्तीचा दगड होता ना त्यांना. म्हातारा मिस्त्री बाजूला बसून रडत होता. पुढाऱ्यासाठी नव्हे हो, दगडासाठी. एवढ्या चांगल्या दगडाची माती केली म्हणून. इसहाकदादा छावणीतून पळाला, डोंगरातल्या शेतकऱ्यांनी लपवला, लढाई संपल्यावर घरी आला. घरी आला तेव्हा प्रेमाबाई जात्यावर बसली होती. म्हणाली, हात धू, जेवायला बस. त्यानं जात्यापाशी बसून घेतलं आणि बराच वेळ उठलाच नाही.

तेव्हापासून त्यानं चेहरा कोरला नव्हता. हात घाबरायचा. आणि आता बायकोसाठी घेतला, तर हा असा.

त्यानं ते डोकं घणानं फोडलं. दुसरं केलं. दुसऱ्यालाही तीच हनुवटी. तो कपाळापासून नाकापर्यंत बरोबर यायचा, ओठांच्या खाली उतरला की छिन्नी बिचकायची आणि दगड राहून जायचा. मग तो कमी करायला जायचा, तर तोंडच चुकायचं. मी एकदा चिडून म्हटलं, अरे, खालूनच सुरू कर की! त्यानं तेही करून पाहिलं. खालून सुरू केलं तर अख्खा हनुवटीवालाच वर आला. वर्षं अशी चालली होती. बाकी कामं करायची, दौंडला जाऊन यायचं, आणि उरलेल्या वेळात हे. तो वाळत चालला. मला एकदा म्हणाला, ग्लॅडिसबाई, मी डोळे मिटले की आधी तो दिसतो, मग प्रेमा. पुढं पुढं निस्ता तोच दिसंल. माणूस मेला की माती आपण देतोच, पण हे असं दुसऱ्यांदा मरणं मी कुणाचं पाहिलं नव्हतं.

साठ सालच्या आसपास त्यानं शेवटचं डोकं केलं. त्यात डोळे तिचे आले. खरंच आले. मी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हनुवटी मात्र त्या हनुवटीवाल्याचीच. ह्या वेळी इसहाकदादाला घण उचलवेना. तिच्या डोळ्यांवर घण कसा घालू, म्हणाला. पण ते घरात ठेवणंही होईना. इनामगावचा गेणबा शिरूरच्या बाजाराला बैलगाडी घेऊन यायचा, जाताना गाडी रिकामी असायची. त्याच्या गाडीत डोकं पोत्यात गुंडाळून चढवलं आणि त्याला बजावलं, घोड नदीच्या खोल डोहात सोड, आन् कुणाला सांगू नको. गेणबा व्हय म्हणाला आणि गेला.

त्यानंतर पडवीत चेहरा झाला नाही. जाती आणि पाटे झाले. मला वाटलं, सुटला बिचारा. पण तो सुटला नव्हता, त्यानं आशा सोडली होती. प्रेमाबाईची कबर तशीच मातीची राहिली. एक काळा दगड घासून गुळगुळीत करून ठेवला होता, तो पडवीत भिंतीला टेकून कोराच उभा.

दोन-तीन वर्षांनी बाजारात बोलवा उठली. इनामगावला नदीकाठी नवी देवी प्रकटलीय, लई कडक हाय, म्हणे. भाजीवाली अनसाबाई मला मेथी देता देता सांगत होती, एवढं मोठं तोंड हाय बघा बाई, निस्तं बघत राहावं. एवढं मोठं तोंड, आणि तेही गेणबाच्या गावी! मी मेथी तिथंच टाकली आणि घरी आले.

गेणबाला गाठून विचारलं तेव्हा तो कबूल झाला. नदीच्या चिखलात बैल उतरेनात, म्हणून त्यानं डोकं काठावरच बाभळीखाली लोटून दिलं होतं, पूर आला की जाईल म्हणून. पूर आला, पण दगड काही गेला नाही, पोतं तेवढं गेलं. मग गेणबाची बायको धुरपदा धुणं धुवायला गेली आणि तिला ते दिसलं. डोळे उघडे, तोंड मोठं. तिनं आधी घाबरून हात जोडले. मग बायका जमल्या. देव का देवी, असा प्रश्न पडला. आपल्याकडं रानातला देव म्हटला की त्याला मिशी पाहिजे. इथं मिशी नाही. मग बाईच. झालं, शेंदूर लागला, हिरवं लुगडं आलं, ओटी भरली गेली.

मी हे इसहाकदादाला सांगितलं. मला वाटलं होतं हसेल. मला स्वतःला हसू आवरत नव्हतं, अहो, अख्ख्या देशाला वाकवणारा तो हनुवटीवाला आणि त्याला हिरवं लुगडं! पण इसहाकदादा लालभडक झाला. म्हणाला, "तिकडं लोकांना बंदूक दाखवून वाकवलं. हितं आपल्या बाया आपल्या पायानं जाऊन वाकत्यात. आन् म्या आणलाय त्याला हितं. माझ्या हातानं." आणि त्यानं कोपऱ्यातला घण उचलला.

पाळकसाहेबांच्याही कानावर गेलंच होतं. ते म्हणाले, ग्लॅडिसबाई, तुम्ही बरोबर जा. मीही म्हटलं, हा माणूस घण घेऊन गावच्या देवीवर चाललाय, मार खाऊन येईल. न्हावऱ्याच्या एस्टीत आम्ही बसलो. घण त्यानं पायांच्या मध्ये धरला होता. न्हावऱ्याला उतरून पुढं पायी आणि एका बैलगाडीतून इनामगाव.

बाभळीखाली ते डोकं. मी खरं सांगते, ओळखलंच नाही. शेंदराचा थर, त्यावर तेल, त्यावर पुन्हा शेंदूर, बायकांच्या बोटांनी सारखं पुसून पुसून सगळे कोपरे बुजलेले. डोक्यावर पदर. धुरपदा तिथंच बसून काहीतरी करत होती. इसहाकदादाच्या हातात घण बघून ती उठली आणि आडवी आली. बाई काटकुळी, पण हलेना. इसहाकदादा म्हणाला, बाजूला व्हा, ही देवी न्हाई, हा मानूस हाय, म्या केलाय. धुरपदा म्हणाली, केला असशील दादा, दगड कुणीतरी करतोच. पण मिशी कुठाय?

"बाईच हाय ही," ती म्हणाली. "आन् बाई म्हणलं की गोंदण नको व्हय? मरताना तेवढंच तर संगं येतं. बाकी डागदागिनं समदं उतरून घेत्यात."

आणि ती बाजूला झाली. घाबरून नव्हे, दाखवायला. दिव्याची काजळी तेलात कालवून तिनं आत्ताच देवीच्या हनुवटीवर एक ठिपका दिला होता. हनुवटी पुढं आलेली राहिली नव्हती, शेंदरानं गोल झाली होती, आणि तिच्या मधोमध तो ठिपका, तिळाएवढा.

इसहाकदादानं घण खाली ठेवला. मग तो स्वतः खाली बसला, मातीत. त्या ठिपक्याकडं बोट केलं. मग म्हणाला, "व्हतं की. प्रेमाला व्हतं. हितंच."

आणि तो रडला. मी त्याला प्रेमाबाईच्या मातीला रडताना पाहिलं नव्हतं, पण इथं नदीकाठी परक्या बायकांपुढं तो रडला.

प्रेमाबाईला हनुवटीवर गोंदण होतं, हे सगळ्या कंपाउंडाला ठाऊक होतं. घरच्यांचा बाप्तिस्मा व्हायच्या आधी, ती लहान असताना तिच्या आजीनं गोंदवून आणलं होतं. मिशनची मडम तिला त्यावरून शाळेत रागावलीही होती, आणि प्रेमाबाई म्हणायची, घासून बघा मॅडम, निघत असलं तर काढा. मला ठाऊक होतं, पाळकसाहेबांना ठाऊक होतं. इसहाकदादानं कुणाला विचारलंच नाही. एकटा माणूस विचारत नाही, तो आपला आत आत शोधत बसतो. आणि त्याचा हात त्या परक्या हनुवटीशी झगडता झगडता बायकोच्या हनुवटीवरचा एवढा ठिपका विसरला होता.

धुरपदानं त्याला पाणी दिलं. घण तिथंच बाभळीखाली राहिला, परत आणायचं आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पडवीतून ठकठक आली. मी शाळेत जायच्या आधी डोकावले. भिंतीला टेकलेला तो कोरा काळा दगड त्यानं आडवा घेतला होता. नाव काढलं होतं, प्रेमाबाई इसहाक उजागरे. साल काढलं होतं. आणि नावाच्या खाली, मोकळ्या जागेत, टाकीचा एकच घाव. तिळाएवढा. हात आखडला नव्हता, जास्तीचा दगड राहिला नव्हता, एका घावात काम झालं होतं.

दगड कबरीवर बसला तेव्हा पाळकसाहेब वाकून बघून गेले. मूर्ती नव्हती, आक्षेप घ्यायला काही नव्हतं. लोकांनी मात्र विचारलं, हे काय, खाली टिंब कशाला? मलाही राहवलं नाही. दादा, म्हटलं, एवढी वर्षं चेहऱ्याच्या मागं होतास, आणि आता एवढंच?

तो कबरीपाशी उकिडवा बसला होता. त्यानं बोट त्या खळग्यात ठेवलं.

"तेवढंच पायजे व्हतं बाई," तो म्हणाला. "बाकीची मला दिसती."

रोज संध्याकाळी काम आटोपलं की तो तिथं जाऊन बसायचा, बोट तिथं ठेवून. घरी आला की एकच ताटली काढायचा.